धार, पाणी आणि परज : घरगुती पात्यांच्या निगेची परिभाषा

विळी किंवा सुरी बोथट झाली म्हणजे तिला 'धार लावावी', एवढेच आजची शहरी मराठी सांगते. जुन्या व्यवहारभाषेत मात्र या एका प्रयोगाच्या जागी निदान चार क्रियापदे वावरत होती : शेवटणे, पाणी देणे, पाजवणे आणि परजणे. ही क्रियापदे एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकाचे साधन वेगळे, करणारा हात बहुधा वेगळा आणि मुख्य म्हणजे ज्या दोषावर ती क्रिया योजावयाची तो दोषही वेगळा. चारही अर्थ 'धार लावणे' या प्रयोगात विरघळल्याने भाषेची हानी किती झाली हा वादाचा विषय होऊ शकेल. स्वयंपाकघरातील पात्यांची हानी मात्र उघड आहे. जे पाते केवळ परजून भागले असते ते दरवेळी दगडावर घासले जाते आणि काही वर्षांतच अरुंद होऊन निकामी ठरते.

धार म्हणजे पात्याच्या दोन उतारांची भेट. स्वयंपाकाच्या सुरीत प्रत्येक उतार सामान्यतः पंधरा ते वीस अंशांचा असतो. ही भेटीची रेषा तीन प्रकारांनी बिघडते. ती एका बाजूस किंचित वळते. किंवा झिजून गोलसर होते. किंवा तिला खांडे पडतात आणि वारंवार घासल्यामुळे पाते धारेपाशी जाड होत जाते. पहिल्या दोषात धातू गेलेला नसतो, फक्त कललेला असतो. तो सरळ करणे हे परजण्याचे काम. दुसऱ्या दोषात थोडा धातू खरवडून नवी रेषा काढावी लागते, ते पाजवणे. तिसऱ्यात पाते तापवून, ठोकून पुन्हा पातळ करणे भाग पडते, ते शेवटणे. त्याचा 'शेवट' म्हणजे टोक, कड या शब्दाशी संबंध उघड दिसतो. शेवटलेल्या पात्याला पुन्हा पाणी देणे ओघानेच येते.

पहिले दोन दोष ओळखण्यास उजेड पुरतो. धार वर करून दिव्याखाली धरावी. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ चमकते ती झिजलेली. रेघ दिसत नाही, तरीही टोमॅटोच्या सालीवर सुरी घसरते आणि बोट पात्यावरून कडेच्या बाहेर हलकेच नेले असता एकाच बाजूस अडते, तर धार वळली आहे असे समजावे.

हा भेद अर्वाचीन नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांच्या निगेसाठी दोन साधने स्वतंत्रपणे सांगितली आहेत : 'निशान' करण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि 'धारासंस्थापना'साठी शाल्मलीची, म्हणजे सावरीची, फळी. शिळा धार उत्पन्न करते, मऊ लाकूड ती स्थिर करते. पाजवणे आणि परजणे यांचीच ही जोडी होय. तेथेच 'पायना' या नावाने पाणी देण्याचे क्षार, उदक आणि तैल असे तीन प्रकार येतात. हाड छेदणाऱ्या शस्त्रास क्षार, मांस कापणाऱ्यास पाणी, शिरा वेधणाऱ्यास तेल. तापलेले लोखंड द्रवात बुडविण्यास 'पिणे' म्हटले गेले, आणि मराठी 'पाजवणे' याच कल्पनेशी जोडणे सयुक्तिक ठरते. कालांतराने क्रियापद भट्टीवरून दगडावर सरकले आणि भट्टीच्या क्रियेला 'पाणी देणे' हा उघड प्रयोग उरला. ('दिवा पाजळणे' यातील 'पाजळणे' हे प्रज्वलनाशी संबंधित निराळे क्रियापद आहे, दोहोंची सरमिसळ लेखनात सर्रास आढळते.)

दगडांच्या नावांचीही अशीच स्थलांतरे झाली. संस्कृत 'शाण' म्हणजे धार लावण्याचा दगड. त्यापासून आलेली 'सहाण' मात्र देवघरात गेली आणि चंदन व बाळंतघुटी उगाळू लागली. 'निशान'शी नाते सांगणारा 'निसणा' कोशात राहिला. 'कुरुंद' या शब्दाचा प्रवास तर अधिक लांबचा. काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल गणल्या जाणाऱ्या या खनिजाचे दक्षिणेकडील नाव युरोपीय भाषांत 'कोरंडम' झाले. १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲचिसन याने कृत्रिम घर्षकद्रव्य तयार केले तेव्हा त्याने त्या नावास 'कार्बन' जोडून 'कार्बोरंडम' हे व्यापारी नाव पाडले. आज बाजारात मिळणारा करडा दुपदरी दगड पुष्कळदा याच नावाने मागितला जातो. कुरुंद घरी परत आला तो असा.

सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचे ठिकाण असलेले इस्लामपूर (२०२५ साली त्याचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर झाले) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. या परिसरात 'शिकलगार' हे आडनाव विपुल आढळते. अरबी 'सैकल' म्हणजे शस्त्रास जिल्हई देणे, त्यास फार्सी 'गर' हा कर्तृवाचक प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला. १८१८ साली मराठेशाहीचा अस्त झाल्यावर आणि १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्यानंतर तलवारीचे काम फारसे उरले नाही. राहिले ते कोयते, कात्र्या, अडकित्ते आणि विळ्या. उसाच्या या मुलखात कोयत्याचे काम अजून आहे. परंतु व्यवसायाचे नाव आडनावात स्थिरावले म्हणजे व्यवसाय चालू आहे असे नव्हे.

चाकावर धार लावताना ठिणग्या उडतात, त्या पाहून गिऱ्हाईक संतुष्ट होते. येथे एक धोका आहे. कोरड्या, वेगवान चाकावर पातळ कड क्षणात तापते. ती निळी पडली तर उष्णता सुमारे तीनशे अंश सेल्सियसवर गेली असे समजावे. अशा धारेचे 'पाणी उतरते', म्हणजे पोलाद तेवढ्या भागात मऊ होते आणि धार चार दिवसांत जाते. माणसाच्या तेजाविषयी रूढ असलेला हा प्रयोग पोलादाच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. म्हणून चाकावर देताना पाते मधूनमधून पाण्यात बुडविण्याची विनंती करण्यास संकोच नसावा.

विळी चाकूहून वेगळी वागवावी लागते. चाकूत पाते हलते आणि भाजी स्थिर राहते. विळीत याच्या उलट. पाते पाटाला जखडलेले व वक्र असल्याने सपाट दगडावर ते नीट बसत नाही. दगडच हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो. दगड लहान व ओला असावा, त्याची दिशा पाठीकडून धारेकडे असावी आणि पात्याचा मूळ उतार सोडू नये. उतारावर आधी शाईचा हात फिरवला तर दगड नेमका कोठे लागतो ते कळते : शाई वरच पुसली गेली तर दगड फार निजला, फक्त कडेची गेली तर फार उभा राहिला. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस तारेसारखी बारीक कड हाताला लागली की बाजू बदलावी. दगड जवळ नसेल तर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचे बूड उपयोगी पडते. तेथील वर्तुळाकार कडेवर झिलई नसते आणि ती पोलादाहून कठीण असते.

यानंतर जे बहुतेक घरांत होत नाही ते परजणे. जुन्या कमरपट्ट्याचे चामडे लाकडी पट्टीला ताणून बसवावे आणि पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी आठदहा वेळा ओढावे. धारेच्या विरुद्ध नेल्यास चामडेच कापले जाते. न्हावी वस्तरा परजतो तो याच रीतीने. वृत्तपत्रांनी 'शस्त्रे परजली' असे लिहून या क्रियापदास नुसते उगारण्याचा अर्थ दिला आहे, तो आता रूढ झाला असे मानावेच लागेल. आठवड्यातून एकदा परजलेल्या विळीला दगड क्वचितच दाखवावा लागतो. लोखंडी पात्यावर कैरी किंवा लिंबू चिरले असेल तर मात्र ते त्याच वेळी धुऊन कोरडे करावे. आम्ल रात्रभर राहिले तर धार आतून खाल्ली जाते, आणि तेथे परजण्यासारखे काही उरत नाही.