नादारी: काय जातं, काय उरतं

कर्ज फिटण्यापलीकडे गेलं की माणूस कोर्टाकडे नादारी मागू शकतो. मुंबईत त्यासाठी १९०९ चा कायदा आहे, उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींचा भाग सध्या फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू आहे.

नादार ठरताच मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं मात्र कायदा हिरावून घेत नाही. ही माणुसकी मला फार मोलाची वाटते. गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो.

पुढे कोर्टाने मुक्तता दिली तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेलं कर्ज माफ होत नाही. आणि सही करणारा जामीनदार? तोही सुटत नाही. भावाला, मित्राला सहीसाठी गळ घालण्यापूर्वी हे त्याला स्पष्ट सांगा.