माउसवरचा हात

मार्चअखेर होता. घरकराची एक जुनी पावती हवी होती, म्हणून सेलू तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेले होते. तिथल्या सेवा केंद्राच्या केंद्रचालक मुलीने खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसली. स्क्रीनवरचा बाण आपोआप पळत होता. खिडक्या उघडत होत्या, रकाने भरत होते, एक खिडकी मिटून दुसरी येत होती.

"काय होऊन राहिलं?" मी विचारलं.

"सर करून राहिले ना, वर्ध्याहून."

"म्हणजे नेमकं काय?"

ती जरा थांबली. "ते नाही माहीत. झालं का सांगतात."

पावती मिळाली, काम झालं. पण मांडीवर ठेवलेले ते दोन हात डोळ्यांपुढून हलेनात. पुढच्या दोन महिन्यांत त्या केंद्रावर मी चार वेळा जाऊन बसले आणि दोनदा वर्ध्याला त्या 'सरां'कडेही गेले.

ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे नमुना 1 ते 33. नमुना 8 म्हणजे कर आकारणी, 9 म्हणजे मागणी, 10 म्हणजे पावती. एकेकाळी हे सगळं लाल कापडात बांधलेल्या रजिस्टरांत असे. 2011 साली संग्राम केंद्रं आली, 2016 पासून आपले सरकार सेवा केंद्रं, आणि दप्तर संगणकात गेलं. प्रणाली बदलली की रकाने बदलतात आणि केंद्रचालकाला पुन्हा शिकावं लागतं. तालुक्याला सभागृहात प्रशिक्षण होतं, पण तिथे माउस एकाच्याच हातात असतो. गावी येऊन स्क्रीन उघडली की प्रश्न सुरू होतात. मग वर्ध्याच्या सरांना फोन लागतो आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, "एनीडेस्क दे."

एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर. ते देणे म्हणजे आपल्या संगणकाचा आकडा सांगणे. "मह्यापाशी नऊ आकडे, बस," ती म्हणाली. "ते सांगितले का काम होते." ते नऊ आकडे तिने स्विचबोर्डशेजारी कागदावर लिहून चिकटपट्टीने लावले होते. दाखल्यासाठी आलेल्या कुणालाही वाचता येतील असे.

मला ते वाचून धडकी भरली. अशाच नऊ आकड्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये बँकांना सावध केलं होतं. भामटा फोन करतो, मोबाइलवर एनीडेस्क घ्यायला लावतो, त्यावर दिसणारे नऊ आकडे विचारतो, मग परवानगीचं बटण दाबायला सांगतो आणि खातं रिकामं करतो. शिकवणारे सर आणि लुटणारा चोर, दोघंही एकच गोष्ट मागतात. फरक ओळखायचा तो फोनवरच्या आवाजावरून.

नुसत्या आकड्यांनी कुणी आत येत नाही, हे खरं आहे. या टोकाला 'स्वीकारा' म्हणावं लागतं. पण कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर तेही लागत नाही. या संगणकावर तो कुणीतरी पूर्वीच ठेवून दिला होता: गावाचं नाव आणि पुढे 123. ग्रामसेवकांचा डिजिटल सहीचा डोंगलही दिवसभर यूएसबीत खोचलेलाच. दोन संगणकांमधल्या वाटेवर कुलूप भक्कम आहे, मजकूर सांकेतिक होऊनच जातो. पण आतल्या माणसाने दार सताड उघडं ठेवलं, तर वाटेवरचं कुलूप काय करणार? आणि मोठ्यांची घरंही सुरक्षित असतात असं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कच्या जर्मन कंपनीने स्वतःच जाहीर केलं की तिच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती. जुनी प्रमाणपत्रं रद्द करायला घेतली, सगळ्यांना नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. या केंद्रावर मात्र मी गेले तेव्हाही कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली जुनीच आवृत्ती चालू होती.

वर्ध्याच्या सरांना दोष द्यायच्या तयारीने गेले होते. ते जमलं नाही. दोन स्क्रीन, कानाला हेडफोन, टेबलावर थंड झालेला चहा. मी बसल्यापासून फोन थांबला नाही. "मी करून दिलं तर चार मिनिटं," ते म्हणाले. "तिला करायला लावलं तर वीस. मार्चमध्ये वीस मिनिटं कुठून आणू, सांगा." चार आणि वीस. आवाजात चीड नव्हती, थकवा होता.

पण त्या चार मिनिटांत काम होतं आणि शिकणं राहून जातं. पुढच्या आठवड्यात त्याच रकान्यासाठी तोच फोन येतो, पुन्हा चार मिनिटं जातात. शिवाय आपल्या स्क्रीनवर काय चाललंय हे कळायची जिला सवयच नाही, तिला भामट्याने काय चालवलंय तेही कळायचं नाही. सुरक्षा आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला त्या खोलीत बसून एकदाही वाटलं नाही. करून शिकणं इथे नवं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीमची मांडणी झाली. हाताला काम द्यायचं आणि त्या कामातूनच शिकवायचं. तिथे चरखा होता, इथे माउस आहे.

मे महिन्यात सर स्वतःहून म्हणाले, "एकदा करून पाहू." तयारीला दहा मिनिटंही लागली नाहीत. नवी आवृत्ती घेतली. कायमचा पासवर्ड काढला. स्विचबोर्डजवळचा कागद तिने स्वतः फाडला. जोडणी स्वीकारताना जी खिडकी येते, तिच्यात कीबोर्ड आणि माउसची परवानगी बंद करता येते. तेवढं केलं की सरांना नुसतं दिसतं, हलवता काही येत नाही. पण ती खिडकी इंग्रजीत आणि परवानग्या नखाएवढ्या चित्रांच्या. कुठलं चित्र कशाचं, हे तिने वहीत लिहून घेतलं.

बाहेर ऊन रणरणत होतं, खोलीत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. नमुना 9 उघडला. सरांनी तिकडून स्क्रीनवर लाल वर्तुळ काढायचं, तिने तिथे क्लिक करायचं, असं ठरलं. पहिलं वर्तुळ उमटलं, तिने दाबलं, बरोबर. दुसरं उमटेपर्यंत नेट मंदावलं. सरांना दिसणारी स्क्रीन काही क्षण जुनी होती, इकडे पान खाली सरकलेलं. लाल वर्तुळ भलत्याच माणसाच्या नावाभोवती येऊन पडलं. तिचं बोट माउसवर थबकलं.

"दाब ना," फोनमधून आवाज आला.

"थांबा ना सर. हे नाव आपलं नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. "बरोबर आहे. पुसतो."

सुधारणा कुठे हवी, ते त्या एका वर्तुळाने दाखवलं. खूण स्क्रीनवरच्या जागेला चिकटते, ती रकान्याला चिकटायला हवी. परवानगीची खिडकी शुद्ध मराठीत बोलायला हवी: कोण येतंय, काय पाहणार, किती वेळ. सुरुवात नेहमी 'फक्त पाहणे' इथूनच व्हावी, माउस मागावा लागावा. झालेल्या शिकवणीचं चित्रण शिकणाऱ्याकडे राहावं, म्हणजे रात्री पुन्हा पाहता येईल. रस्टडेस्कसारखं मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं. जिल्ह्याने मनावर घेतलं तर गावाच्या दप्तराची वाट परक्या यंत्रांतून जायचं कारण उरत नाही.

नोंद पुरी व्हायला बावीस मिनिटं लागली. मधे दोनदा ती चुकली, एकदा वीज गेली. सरांनी माउस एकदाही मागितला नाही. मागच्या बाकावर एक म्हातारे आजोबा पासबुक घेऊन तेवढा वेळ बसून होते.

आता सहीचं काम होतं. तिने आधी जोडणी तोडली, ती तुटल्याचं दोनदा पाहिलं, मग ग्रामसेवकांना हाक मारली. त्यांनी शर्टाच्या खिशातून डोंगल काढून लावला. ते पिन टाकत होते तेवढा वेळ ती मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिली.