डबा टीव्हीवरच खुलणारे खेळ

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याच्या घरांत मारियो धावला तो पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर खडबडीत का दिसते?

• ठिपके : निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम यंत्राचे (१९८३) आणि भारतात खपलेल्या त्याच्या नकलांचे चित्र अवघ्या २५६ बाय २४० ठिपक्यांचे.

• रेषा : ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत आडव्या रेषांनी चित्र काढतो. हे गेम एकाआड एक रेषाच वापरत, मधल्या काळ्या राहत. झोताच्या चकाकीने ठिपक्यांच्या कडा मऊ होत.

• रंग : एकाच वायरमधून येणारे रंग शेजारी-शेजारी मिसळत. ‘सॉनिक’ या गेममधला (१९९१) धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे, जुन्या टीव्हीवर मात्र पाणी पारदर्शक दिसते.

• वेग : भारतातील पाल पद्धतीत पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, जपान-अमेरिकेत सुमारे ६० वेळा. तिकडचा गेम बदल न करता पाल यंत्रावर चालवला, तर तो साधारण सहाव्या हिश्शाने संथ होतो.

• बंदूक : ‘डक हंट’ या नेमबाजीच्या गेमची बंदूक पडद्यावरचा क्षणिक उजेड टिपते. सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, त्यामुळे मूळ बंदुकीचा नेम लागत नाही.

माळ्यावरचा जुना टीव्ही चालू असेल, तर भंगारात देऊ नका. मुलांना त्यावर एकदा तरी मारियो खेळू द्या. मात्र टीव्ही स्वतः उघडू नका : बंद केल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज साठलेली असू शकते.