आई येत असेल

आमच्या बालवाडीत साडेबाराला पोरं घरी जातात, एखादं मागं राहतं. गेल्या जूनमध्ये तीन वर्षांची एक मुलगी अशीच राहिली. दप्तर पाठीला, डोळे भरलेले. मी म्हटलं, "रडू नको गं, आई येत असेल." तिनं लगेच चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांनी परत आली. "बाई, तुम्ही खोटं बोल्लात."

बावीस वर्षं 'आई येत असेल' हे वाक्य मी पोरांना ऐकवत आले होते. मी अंदाज सांगत होते, तिनं बातमी ऐकली.

'पाहिजे', 'शकतो', 'लागतं', 'नये', 'असेल' हे शब्द घडलेली गोष्ट सांगत नाहीत. काय घडायला हवं, काय घडू शकतं, काय घडलं असावं, ते सांगतात. त्यातले हुकमाचे शब्द पोरं पटकन उचलतात. 'नको' तर बोलायला लागल्या लागल्या येतं. बाहुलीला "हात धुवावे लागतात, कळलं?" म्हणून दटावणारी तीन वर्षांची बाई आमच्याकडे दर वर्षी एक तरी असते.

जमण्या-न जमण्याचं मराठीत जरा नाजूक आहे. शिकून आलेलं ते 'येतं': मला गाठ मारता येते. अंगातल्या ताकदीचं किंवा त्या वेळच्या परिस्थितीचं ते 'शकतो': पाय दुखतोय, मी धावू शकत नाही. इंग्रजी पोराला दोन्हीकडे एकच 'कॅन' पुरतो, परवानगीलाही तोच चालतो. आमच्या पोरांना 'मला' की 'मी' हेही सांभाळावं लागतं. एक जण अभिमानानं सांगायचा, "मी सायकल येते!" मी दुरुस्त केलं नाही. दिवाळीपर्यंत आपोआप 'मला' झालं.

अडतं ते 'असेल'पाशी. 1982 साली हर्स्ट आणि वाइल या संशोधकांनी तीन ते साडेसहा वर्षांच्या मुलांसमोर एक खेळ मांडला. शेंगदाणा लपवलेला. एक बाहुली म्हणते, तो कपाखाली 'असलाच पाहिजे'. दुसरी म्हणते, डब्याखाली 'असू शकेल'. कुणाचं ऐकायचं? दोन शब्दांच्या खात्रीत जितकं जास्त अंतर, तितक्या लहान वयात मुलांना फरक कळला. अगदी जवळजवळचे शब्द मात्र मोठ्या मुलांनाच वेगळे करता आले.

शब्द अवघड म्हणून हे होतं की त्यामागची कल्पना अवघड म्हणून? रेडशॉ आणि सुडेनडॉर्फ यांचा 2016 मधला प्रयोग मला इथं आठवतो. वरून एक तोंड, खाली दोन, अशी नळी. वरून चेंडू सोडायचा, मुलानं खाली झेलायचा. दोन वर्षांची मुलं बहुतेक वेळा एकाच तोंडाखाली हात धरत; चार वर्षांची बहुतेक मुलं दोन्हीकडे. चिंपांझी आणि ओरांगउटान यांनीही एकच तोंड धरलं. चेंडू इकडूनही येईल, तिकडूनही येईल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणं हेच शिकावं लागत असणार. अर्थात नुसत्या नळीवरून निकाल देऊ नये. लहान मुलाचा दुसरा हात कधीकधी नाकातही असतो.

आणि आपण मोठे तरी काय करतो? "बघू हं" म्हणजे नाही. "जाऊ शकतो की" म्हणजेही बहुधा नाहीच. पोरांच्या कानावर दिवसभर पडतं ते "करायला पाहिजे" आणि "जायचं नाही". अंदाजाचा शब्द कानावर येतो तो असा, दार लावता लावता, घाईत.

आता मी "येत असेल" म्हणत नाही. "आई कुठं आहे मला माहीत नाही, फोन करून विचारूया" म्हणते, आणि खरंच फोन लावते.

घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर दोन वाट्या घेऊन तो शेंगदाण्याचा खेळ करून बघा. शेंगदाणा मात्र कच्चा घ्या. भाजलेला आमच्याकडे प्रयोगाआधीच संपला होता.