पिकवणारा वायू आणि टिकवणारी युक्ती

आंब्याची अढी तुम्ही पाहिली असेलच. पाडाचे आंबे गवतात झाकून ठेवतात आणि पिकलेले वेळच्या वेळी वेचून काढतात. एखादा पिकलेला आंबा आत राहिला, तर त्याच्याभोवतीचे आंबे भराभर पिकतात. असे का व्हावे?

पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू बाहेर टाकते. १९०१ मध्ये रशियातील दिमित्री नेल्यूबोव्ह यांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे वाकडी वाढतात ती दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळे. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदे स्वतःच हा वायू तयार करतात, हे सिद्ध केले.

फळाच्या पेशींत इथिलीनसाठी खास जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तसा त्याचा रेणू तेथे बसतो. मग स्टार्चची साखर होऊ लागते, गर मऊ पडतो, सालीचा हिरवा रंग जातो. शिवाय ते फळ आणखी इथिलीन सोडू लागते! केळी, आंबा, पपई, टोमॅटो, सीताफळ ही फळे अशी पिकतात. संत्री आणि द्राक्षे तोडल्यावर पिकत नाहीत. पण मेथी-पालक मात्र या वायूने पिवळे पडतात.

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिमेला जळगाव जिल्ह्याचा केळीचा मुलूख आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. बुलढाणा शहरात मात्र रेल्वे नाही. तेथला माल राजूर घाट उतरून मलकापूरला न्यावा लागतो. भर उन्हाळ्यात ताडपत्रीखाली एक घड पिकू लागला, तर बाजार गाठेपर्यंत शेजारचे घडही पिकू लागतात. मऊ पडलेल्या केळीला भाव कोण देणार? शेतकऱ्याची वर्षाची मेहनत अशी वाटेतच वाया जाते.

यावर उपाय तीन. पहिला, थंडावा आणि खेळती हवा. मात्र केळी सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवली, तर साल काळी पडते. दुसरा, पोटॅशियम परमँगनेट. ते इथिलीनचे ऑक्सिडीकरण करते, म्हणून त्याच्या पुड्या पेट्यांत ठेवतात. तिसरा उपाय १९९० च्या दशकात अमेरिकेत सिस्लर आणि ब्लँकनशिप यांनी शोधला. १-मिथाइलसायक्लोप्रोपीनचा रेणू इथिलीनच्या कुलपात अडकून बसतो; मग खरी किल्ली शिरणार कशी?

हाच वायू पिकवण्याच्या कामीही येतो. बंद खोलीत दहा लाख भाग हवेत १०० भागांपर्यंत इथिलीन सोडून फळे पिकवण्यास भारतात परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला मात्र कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात.

आता एक प्रयोग करा. सारख्या कच्च्या केळ्यांचे तीन गट करा. पहिला गट पिशवीत बंद ठेवा. दुसऱ्या पिशवीत सोबत एक पिकलेले केळे घाला. तिसऱ्या पिशवीत परमँगनेटच्या द्रावणात भिजवून वाळवलेले खडूचे तुकडे काचेच्या उघड्या बशीत ठेवा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. खडू फळाला लागू देऊ नका आणि ही केळी खाऊ नका. रोज रंगाची नोंद ठेवा. कोणता गट आधी पिवळा होतो? जांभळा खडू तपकिरी होतो का?

आणि आज घरी जाऊन पाहा, मेथीची जुडी पिकल्या केळ्यांशेजारी तर ठेवलेली नाही ना?