डिस्चार्जनंतरचा फोन

पवईत रात्री-अपरात्री कुणाला अचानक काही झालं, की खिशाकडे बघून रिक्षा हिरानंदानी इस्पितळाकडे वळते, नाहीतर घाटकोपरच्या राजावाडीकडे. छातीत दुखत असेल तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. पण स्वतःच्याच जिवावर उठलेलं माणूस आणलं तर? कुठल्याही कॅज्युअल्टीत वर्षानुवर्षं शरीर डॉक्टरांच्या वाट्याला येई आणि मन पोलिसांच्या. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदली जाई, हवालदार जबाबाला येई. मग धास्तावलेले नातलग "चुकून झालं" म्हणत, आणि मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायचं कारणच केसपेपरवरून नाहीसं होई.

या भीतीचं मूळ होतं आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९. त्याला पहिला हादरा मुंबईतच बसला. मुंबई पोलीस दलातल्याच, मानसिक आजार असलेल्या एका शिपायावर हे कलम लावलं गेलं. १९८६ साली उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निकाल दिला आणि १९९६ मध्ये फिरवला. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे, हे कलम ११५ ने सांगितलं. त्या शिपायाच्या निकालाला तोवर बत्तीस वर्षं झाली होती.

दरम्यान फोन कामाला लागला होता. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' हेल्पलाइन २०१२ ची. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस आलं: १४४१६, रात्रंदिवस, मराठीतसुद्धा. मोठीच सोय. पण पहिला फोन आपणच लावायचा, आणि नेमकं तेच त्या रात्री जमत नाही.

आयआयटीच्या दारात राहणाऱ्या आम्हा पवईकरांना तंत्रज्ञान म्हटलं की नवं यंत्रच आठवतं. मला मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आठवतो. चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेल्या १,८६७ जणांचा. निम्म्यांशी तासभर बोलणं झालं, मग अठरा महिन्यांत नऊदा फोन किंवा भेट. त्यांच्यात आत्महत्येने गेले ०.२ टक्के, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २.२.

डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख असते. तिच्याखाली आणखी एक ओळ मावते: आम्ही फोन करू, अमुक वारी.