सुट्टी संपली, ट्रंक भरली

सुट्टी संपत आली की घराचा नूरच बदलतो. वह्यांना कव्हरं घालायची, गणवेश लांडा झालाय का ते बघायचं, हरवलेली पाण्याची बाटली शोधायची. आपल्याकडे ही धांदल जूनमधली. पण शाळा जर दुसऱ्या देशात असेल तर? आणि पोर जेमतेम सात-आठ वर्षांचं असेल तर? परदेशात काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी कुटुंबांवर ही वेळ पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहे.

केनियातलं किजाबे हे असंच एक गाव. मासाई भाषेत या नावाचा अर्थ वाऱ्याचं ठिकाण. रिफ्ट व्हॅली नावाच्या प्रचंड दरीच्या काठावर, सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेलं. आफ्रिका इनलँड मिशनची ‘रिफ्ट व्हॅली अकॅडमी’ ही निवासी शाळा इथं १९०६ सालापासून आहे. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या मिशनऱ्यांची मुलं इथं शिकतात. तीन महिने शाळा आणि एक महिना घर, असं इथलं वर्षाचं चक्र. म्हणजे निरोपाचा प्रसंग वर्षातून एकदा नाही, तीनदा! लेकराच्या आवडीचं चार दिवस करून घालावं, तोवर परत ट्रंक भरायची वेळ येते.

मग एवढ्या लांब मुलं ठेवायचीच कशाला, असं कोणीही विचारेल. कारण साधं आहे. आईवडील ज्या खेड्यात दवाखाना चालवतात किंवा शिकवतात, तिथं बहुतेक वेळा मुलांना पुढे मायदेशी कॉलेजात जाता येईल अशी शाळाच नसते.

आपल्या देशानंही हे पाहिलं आहे. तामिळनाडूतल्या कोडाईकनालला १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली. उन्हाळ्यात आयाही डोंगरावर येऊन राहायच्या. उन्हाळा सरला की त्या खाली उतरायच्या आणि मुलं वरच राहायची. आपल्या अहमदनगर-सोलापूरकडच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या कुटुंबांची मुलंही या शाळेत शिकली. ती घरी आली की गड्यामाणसांशी मराठीत बोलायची आणि परत गेली की इंग्रजीत.

त्याच्याही आधीची गत आणखी कठीण होती. तेव्हा मुलांना थेट मायदेशी नातेवाइकांकडे ठेवत आणि मग वर्षानुवर्षं भेट नसे. वेल्लोरचं मोठं इस्पितळ उभारणाऱ्या डॉ. आयडा स्कडर यांचं उदाहरण घ्या. त्या १८७० मध्ये तामिळनाडूतच जन्मल्या. पुढे आईवडील भारतात परतले आणि कोवळ्या वयाची आयडा अमेरिकेत मागे राहिली. आपण कधीही मिशनरी व्हायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. १८९० मध्ये आईच्या आजारपणामुळं ती इकडे आली. त्या मुक्कामात एका रात्री तीन घरची माणसं अडलेल्या बाळंतिणीसाठी मदत मागायला आली. पुरुष डॉक्टर त्यांना चालणार नव्हता आणि बाई डॉक्टर कुठे नव्हती. तिन्ही बायका दगावल्या. मग आयडा डॉक्टर होऊन १९०० मध्ये परत आल्या आणि १९१८ मध्ये त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली.

गोष्टीचा शेवट गोड झाला, म्हणून मधली वर्षं सोपी होती असं मात्र नाही. नायजेरियात वाढलेल्या मिशनरी कन्या रूथ व्हॅन रेकेन यांनी मोठेपणी एक पुस्तक लिहिलं. लहानपणी वसतिगृहातून आईबाबांना जे लिहायचं होतं आणि कधी लिहिलंच नाही, ती सारी पत्रं त्यात आहेत. अशा कितीतरी मुलांनी रडू गिळलं. आईवडील देवाचं काम करताहेत, मग आपण कुरकुर कशी करायची? आणि आईही डोळे कोरडे ठेवायची, कारण ती रडली तर मूल खचेल. दोघंही एकमेकांसाठी धीट राहिली आणि बोलायचं राहूनच गेलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी अशा मुलांना नाव दिलं, ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’. ती आईवडिलांच्या देशाची पुरती नसतात आणि राहत्या देशाचीही नसतात. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ उत्तर नसतं.

याच विषयावर आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधी करायच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘तराफा’ या अर्थाचा शब्द तयार होतो. पहिली, कोणाशी भांडण झालं असेल तर ते मिटवून निघा. दुसरी, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं तोंडानं सांगा. तिसरी, निरोप नीट घ्या. माणसांचाच नाही, तर आवडत्या झाडाचा, कुत्र्याचा, आपल्या खोलीचाही. आणि चौथी, जिथं जायचं आहे तिथलं चित्र आधी डोळ्यांसमोर आणा.

आता काळ बदललाय. बरीच मिशनरी कुटुंबं मुलांना घरीच शिकवतात, फोनवर एकमेकांचे चेहरे दिसतात आणि अनेक मिशन बोर्डिंगची सक्ती करत नाहीत. मूल खरंच तयार आहे का, हे आधी बघितलं जातं.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटतं का? नवोदयला निवड झालेला सहावीतला मुलगा, लातूर नाहीतर कोट्याला क्लाससाठी निघालेली मुलगी, आश्रमशाळेत परतणारी लेकरं... दिवाळी संपली की एसटी स्टँडवर आपणही उभ्या असतोच. चिवड्याचा डबा देताना ‘रडायचं नाही हं, शहाणी ना माझी!’ असं पटकन बोलून जातो. त्याऐवजी ‘मलाही करमणार नाहीये गं,’ एवढं म्हटलं तर? त्यानं पोर खचत नाही. उलट होस्टेलवर जीव कासावीस झाला की ते घरी मोकळेपणानं सांगता येतं, हे तिला कळतं. डब्यातला चिवडा आठवड्यात संपेल, पण हा धीर तिला पुढच्या सुट्टीपर्यंत पुरेल.